झेललेला सूर

दुय्यमने तो सूर पहिल्यांदा झेलला तेव्हा त्याच्या मनात पाप, पुण्य, उपकार असलं काहीही नव्हतं. टेबलावरून कप पडायला लागला की आपला हात आपोआप पुढे जातो, तेवढंच झालं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला, पण त्या क्षणी त्याला तो दिसला असता तर त्याने ट्रम्पेट मांडीवरून उचललाच नसता.

दुय्यम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्या नाईटक्लबच्या बँडमध्ये दोन ट्रम्पेटवाले होते. पुढच्या खुर्चीवर बसायचा तो बुलंद आणि त्याच्या बरोबर पाठीमागे, एक पायरी वर, बसायचा तो दुय्यम. पुढच्याचं वाजवणं लोक ऐकायचे. मागच्याचं वाजवणं तो नसला तरच लक्षात यायचं. अठरा वर्षं हीच बैठक. त्यात भर म्हणजे बुलंद हा दुय्यमच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. क्लबमध्ये डोळ्यांसमोर त्याची पाठ आणि घरी कानांवर त्याचं कौतुक. माणसाने जायचं तरी कुठे?

कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात एक टोकाचा सूर होता. सगळा बँड थांबायचा, ढोलवाल्याच्या काड्यांची बारीक थरथर तेवढी चालू राहायची, आणि ट्रम्पेट एकटा चढत चढत त्या सुरावर जाऊन उभा राहायचा. आठ मात्रा. लोक त्या आठ मात्रांसाठी यायचे. अठरा वर्षांपूर्वी पुढच्या खुर्चीसाठी दोघांची परीक्षा झाली, तेव्हा बुलंदने तो सूर असा काही लावला की मालक उभा राहिला. दुय्यमचा अर्ध्या वाटेत फाटला, चारचौघांत, आणि वर बुलंद त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "असू दे. खालच्या सुरांनाही माणूस लागतोच की." त्यानंतर वर्षभरात दुय्यमने त्याच्याच बहिणीशी लग्न केलं. प्रेमापोटी केलं की खुन्नस म्हणून, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. संसार मात्र चांगला झाला.

आणि तो सूर? तो दुय्यमला तिसऱ्या वर्षी सापडला. घरी कपड्यांच्या कपाटात, कोटांमध्ये डोकं खुपसून, भोंग्यात बूच घालून तो रोज तास-तास घासायचा. एके दिवशी सूर आला आणि मग कधी गेलाच नाही. पण मागच्या खुर्चीला तो सूर कोण विचारतो? पंधरा वर्षं तो त्या कपाटातच वाजत राहिला. बायको म्हणायची, "कपड्यांना वास लागत नाही, हे नशीब."

आता रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांची म्हणून एक रीत आहे. ओठ शेवटी मांसाचे. कधी थकतात, कधी सुजतात. पुढच्याचा सूर पडतोय असं दिसलं तर मागच्याने तो झेलायचा. आणि झेललेला सूर बोलून दाखवायचा नाही. त्याला नाही, बायकोला नाही, दोन पेग पोटात गेल्यावर तर मुळीच नाही. ही रीत कुठे लिहिलेली नाही, पण ती मोडणाऱ्याशेजारी पुन्हा कोणी बसत नाही.

बुलंदचे ओठ दारूने गेले होते. वर्षभर तो ढकलत होता. दुय्यमला ते पाठीवरून कळायचं. इतकी वर्षं ज्या पाठीकडे पाहिलं तिची भाषा येणारच. त्या रात्री सूर जवळ आला आणि बुलंदचे खांदे वर उचललेच गेले नाहीत. दुय्यमने ट्रम्पेट त्याच्या उजव्या कानाशी नेला आणि वाजवला. आठ मात्रा. दिव्याचा झोत पुढच्या खुर्चीवर होता, मागे सगळा काळोख. लोक खुर्च्या सरकवून उठले. ढोलवाल्याने दुय्यमकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्यालाही रीत ठाऊक होती.

कपडे बदलायच्या खोलीत बुलंद भिंतीला टेकून बसला होता. तोंडावर रंग नव्हता.

"जावईबापू," तो म्हणाला. बहिणीच्या लग्नापासून तो दुय्यमला चिडवायला हीच हाक मारायचा, पण त्या दिवशी त्यात चिडवणं नव्हतं. "मी नाही वाजवला तो."

दुय्यम ट्रम्पेट पेटीत ठेवू लागला.

"ओठ हललेच नाहीत माझे. मनात म्हटलं, देवा, संपलो, आता तूच काय ते बघ. आणि सूर आला. इथे, कानाशी आला. कोणी वाजवला असेल?"

इथे दुय्यम बोलला नाही. एक तर रीत. आणि दुसरं, खोटं कशाला बोला, त्याला जरा मजाही वाटली. बसू दे डोकं खाजवत, उद्या उतरली की कळेल, असं म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बुलंदने उरलेली बाटली मोरीत ओतलेली, दाढी केलेली, आणि शर्टाला इस्त्री.

मग दुय्यमला रोज झेलणं भाग पडलं. बुलंद तो सूर वाजवायचा प्रयत्नही करेना. त्या जागेवर आला की डोळे मिटायचा, ट्रम्पेट ओठांना नुसता टेकवायचा आणि वाट पाहायचा. कार्यक्रमाआधी पाव तास तो कोठीच्या खोलीत, बाटल्यांच्या खोक्यांमध्ये बसून प्रार्थना करायचा. चार महिन्यांत त्याचे हात थरथरायचे थांबले. तो माणसांशी बरं बोलायला लागला. सफाईवालीला त्याने कधीकाळी दिलेल्या शिवीबद्दल माफी मागितली, तर ती बिचारी घाबरून बादली टाकून पळाली. आणि गावभर बोलबाला झाला की या क्लबात एक माणूस बसतो, त्याच्या ट्रम्पेटातून शेवटचा सूर देव वाजवतो. हसायला आलेले लोक डोळे पुसत जायला लागले.

दुय्यमच्या घरी तर सणच. भाऊ शुद्धीवर नसल्याचे निरोप घेऊन दाराशी उभे राहणारे लोक त्याच्या बायकोने अर्धं आयुष्य पाहिले होते. आता ती स्वयंपाक करताना गुणगुणायची.

"तूही बस ना रे दादाबरोबर कधी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझं काय जातं? सगळं मनात दाबून दाबून तुझा चेहरा कसा आंबलाय बघ."

"मी पाठीमागे बसतोच की त्याच्या," दुय्यम म्हणाला.

"तसलं नाही. तुला ना, कशातच काही दिसत नाही."

दुय्यमने ताटातला घास तसाच ठेवला. देव होण्यात काही सुख नाही, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं होतं. काम सगळं आपण करायचं आणि घरच्यांनीच नास्तिक म्हणायचं.

इथवर तरी निभत होतं. मग मालकाने दोघांना बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की बँड आटोपशीर करायचाय, महिनाअखेरीपासून ट्रम्पेट एकच. कोणता, ते त्याने सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. बाहेरच्या पाटीवर बुलंदचं चित्र लागलेलं होतं, डोळे मिटलेलं.

दुय्यमने शहरातले सगळे क्लब पालथे घातले. एका ठिकाणी कीबोर्डवाल्या मुलीने त्याला एक बटण दाबून दाखवलं. "हे बघा काका, ट्रम्पेट," ती म्हणाली. खरंच ट्रम्पेट होता. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुमचं स्वतःचं असं काय आहे? काय सांगणार? अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्याच्या सुराखाली सूर धरलेला. माझा सूर रोज रात्री अमक्या क्लबात ऐकायला मिळतो, फक्त तो माझा आहे असं कोणाला वाटत नाही, हे सांगितलं असतं तर त्यांनी पाणी पाजून बसवलं असतं. ट्रम्पेट सोडून त्याला दुसरं काहीही येत नव्हतं. साधा खिळा ठोकला तरी तो वाकडा जायचा.

तो रात्र-रात्र जागा राहू लागला. आपल्याच सुराने आपली खुर्ची जातेय, हे त्याला आतून कुरतडत होतं. आणि आपण गेलो की तो सूरही जाणार, म्हणजे पहिल्याच रात्री बुलंद तोंडावर पडणार, हेही त्याला दिसत होतं. मग आपण असतानाच का पडू नये? निदान आपली खुर्ची तरी राहील. हा विचार त्याने आठ दिवस झटकला. नवव्या दिवशी झटकला नाही.

शनिवारी क्लब तुडुंब भरला होता. शेवटचं गाणं आलं, बँड थांबला, काड्यांची थरथर सुरू झाली. बुलंदने डोळे मिटले आणि ट्रम्पेट ओठांना टेकवला. दुय्यमने आपला ट्रम्पेट मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. हातांचा भरवसा नव्हता.

एक मात्रा. दोन. तीन. थरथर चालूच. ढोलवाल्याने दुय्यमकडे पाहिलं, मग परत पाहिलं. पाचव्या मात्रेला कोणीतरी खोकलं. बुलंदची पाठ जराही हलली नाही. तो वाट पाहत होता, आणि इतक्या विश्वासाने वाट पाहणारा माणूस दुय्यमने आयुष्यात पाहिला नव्हता. सातव्या मात्रेला दुय्यमने ट्रम्पेट उचलला, पण तोवर ढोलवाल्याने कंटाळून, की कीव येऊन, झांज मारली आणि गाणं संपलं.

मागून कोणीतरी शिट्टी वाजवली. एकजण ओरडला, "देव सुट्टीवर गेला वाटतं!" लोक हसले. बुलंद उठला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मागच्या दाराने निघून गेला.

घरी बायको जागी होती. तिला बातमी आधीच पोचली होती.

"कुठे गेला असेल तो? तू थांबवलं का नाहीस त्याला?"

"दिसलाच नाही."

"पुन्हा प्यायला ना, तर या वेळी नाही वाचायचा रे," ती म्हणाली आणि शाल घेऊन दारातच बसली. दुय्यम तिच्याशेजारी बसला. आपण हे काय करून बसलो, असं त्याला वाटत होतं, आणि ते तिला सांगण्याची त्याची छाती होत नव्हती. सकाळपर्यंत दोघांनीही पाठ टेकली नाही.

रविवारी दुपारी तालीम असायची. दुपारचा नाईटक्लब म्हणजे पावडर उतरलेला चेहरा. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकलेल्या, गालिच्यावरचे डाग उघडे पडलेले, फिनेलचा वास. बाकी बँड यायला अवकाश होता. दुय्यम आत शिरला तर मालक बारपाशी चहा पीत होता आणि समोर बुलंद उभा होता. दाढी केलेला. शुद्धीत. दुय्यमला इतकं हायसं वाटलं की त्याने एक खुर्ची धरली.

"बरं झालं आलात, जावईबापू," बुलंद म्हणाला. "तुमच्यासमोरच सांगायचं होतं. मी जागा सोडतोय. पुढची खुर्ची तुमची."

"अहो दादा, एका रात्रीने काय होतंय?"

"एका रात्रीचा प्रश्न नाही. सूर का आला नाही, ते मला ठाऊक आहे." त्याने मान खाली घातली. "काल कोठीत बसलो होतो तेव्हा मी त्याच्याकडे मागणं मागितलं. म्हटलं, एकच ट्रम्पेट राहणार असेल तर माझा राहू दे, ह्यांना जाऊ दे. चार महिने त्याने मला न मागता दिलं, आणि मी काय मागितलं? बहिणीच्या घरातली चूल विझव म्हणून. तोंड फिरवणार नाही तर काय करेल?"

दुय्यमला जे हवं होतं ते सगळं समोर ताटात वाढून आलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर त्याची हयात गेली होती. पण रात्रभर दारात बसलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, आणि समोरचा माणूस त्याचं पाप आपल्या अंगावर घेत होता. मालक चहा आणखी मागवायला आत वळला तेवढ्यात दुय्यमने बुलंदचा दंड धरला आणि रीत मोडली.

"दादा, ऐका. तो सूर मी वाजवत होतो. चार महिने, रोज. काल मी मुद्दाम वाजवला नाही. खुर्चीसाठी. तुमचं काही चुकलं नाही, चुकलं ते माझं."

बुलंद क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला. मग हसला. इतकं मायेने तो आधी कधी हसला नव्हता.

"माझ्यासाठी खोटं बोलताय होय? कशाला? अहो, तो सूर तुमच्याच्याने कुठला लागायला? परीक्षेच्या दिवशी मी तिथेच होतो ना."

"आता लागतो. पंधरा वर्षं लागतोय. कपाटात."

"कपाटात," बुलंद म्हणाला. तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याने दुय्यमच्या ओठांकडे पाहिलं, माउथपीसच्या गोल वळाकडे, आणि मागच्या पायरीवरच्या खुर्चीकडे. तिथून आपल्या उजव्या कानापर्यंतचं अंतर तो मनात मोजत असावा. "तसं असेल," तो हळूच म्हणाला, "तर मी चार महिने खोक्यांशी बोलत होतो, जावईबापू. मग तिथे कोणीच नव्हतं. मग मी कशाला थांबलोय? बाटली काय वाईट होती?"

हे तो धमकी म्हणून बोलला नाही. खरोखरच विचारत होता.

मालक परत आला. "चला, वेळ नका घालवू. तुम्ही सोडताय म्हणता, ठीक. मग ह्यांना तो सूर लागतो का बघू. लागला तर जागा ह्यांची. पाटीवर ह्यांचं चित्र लावू, मला काय."

"आत्ता?" दुय्यम म्हणाला.

"मग काय मुहूर्त काढू?"

पाव तास. फक्त पाव तास त्याने तोंड बंद ठेवलं असतं तर काही झालं नसतं. सूर वाजवला असता, खुर्ची मिळाली असती, आणि बुलंदने देवाचे आभार मानून त्याला मिठी मारली असती. आता तोच सूर साक्ष देणार होता. दुय्यमने पेटी उघडली. हात गार पडले होते, पण ओठ तयार होते; ओठांना यातलं काय कळणार? तो पुढच्या खुर्चीपाशी उभा राहिला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर कोणाची पाठ नव्हती. समोर बुलंदचा चेहरा होता, पांढराफटक, कान टवकारलेला.

दुय्यम वर चढायला लागला. एकेक पायरी स्वच्छ, गोल, बिनचूक. मालकाने कप खाली ठेवला. सूर तिथेच होता, हाताच्या अंतरावर, नेहमीसारखा, आणि सबंध आयुष्यात पहिल्यांदाच तो ऐकायला उजेडात दोन माणसं उभी होती. देवा, दुय्यम मनात म्हणाला, आणि पुढे काय मागायचं ते त्याला सुचलं नाही. त्याने ओठाचा डावा कोपरा जरासा सैल सोडला.

सूर फाटला. फाटला तोही कसा, तर रिकाम्या दालनात गाढव ओरडावं तसा, आणि छताखालच्या पंख्यापर्यंत जाऊन परत आला.

मालकाने डोळे मिटून घेतले. "बास," तो म्हणाला. "कळलं. दोघंही संपलात तुम्ही." मग बुलंदकडे वळला. "तुम्ही तरी बघा परत प्रयत्न करून."

"नाही येणार आता. मी ओळखतो त्याला," बुलंद म्हणाला.

"मग उद्यापासून कीबोर्डवाली मुलगी येईल. त्यात म्हणे सगळं असतं." मालक कप उचलून निघून गेला.

दुय्यम ट्रम्पेट पुसत बसला. पुसण्यासारखं काही नव्हतं. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, उद्या सकाळी उठून काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी तो सूर भीतीने फाटला होता. आज त्याने स्वतःच्या हाताने फाडला होता, आणि जगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच होते. हे कोणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

बुलंद त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. त्याच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता. डोळे भरले होते, पण ते सुटका झालेल्या माणसाचे.

"बघा," तो म्हणाला, "एवढं खोटं बोलू नये हो, जावईबापू. क्षणभर जीव गेला माझा." त्याने दुय्यमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "पण माझ्यासाठी बोललात, हे मी विसरणार नाही. नोकरीचं बघू काहीतरी. आता मी रोज बसेन ना, तेव्हा स्वतःसाठी काही मागणार नाही. तुमच्यासाठी मागेन. तो सूर एकदा, मरायच्या आत एकदा तरी, तुम्हाला लागू दे म्हणून."

आणि तिथेच, उलट्या टाकलेल्या खुर्च्यांमध्ये, त्याने डोळे मिटले आणि मागायला सुरुवातही केली. दुय्यमचे हात त्याच्या हातांत होते. ते सोडवून घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून तोही डोळे मिटून बसून राहिला.